सिस्टरचे वजन

मित्रांनो, माझ्यावर उभे राहिले की माणसे श्वास का रोखतात, हे मला अजून उमगलेले नाही. श्वास आत धरला की किलोभर कमी भरेल, असे त्यांना वाटत असावे. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या छाती विभागातला जुना वजनकाटा आहे. उंच खांब, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारी दोन वजने आणि खाली पाय ठेवायला खडबडीत पाट, एवढाच माझा संसार. आकडे नीट दिसावेत म्हणून मला खिडकीजवळ उभे केलेले आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या दांडीवर रेघा कोरल्या. प्रत्येक रेघेनंतर तो फुंकर मारून कीस उडवी आणि स्वतःशीच पुटपुटे, की एक रेघ चुकली तर कुणाच्या तरी औषधाची मात्रा चुकेल. तेव्हापासून मी जरा शिष्ट झालो. मी कुणाचे मन राखण्यासाठी पाव किलोसुद्धा इकडचे तिकडे करत नाही.

आमच्या खोलीत येणारे बहुतेक रुग्ण क्षयाचे. पहिल्यांदा येत तेव्हा पाटावर त्यांची पावले पानांसारखी हलकी पडत. मग महिन्यामहिन्याने ती जड होत जात, आणि मला कोण आनंद होई. वजनाचा आकडा मोठ्याने सांगायचे काम आमच्या सिस्टरचे. आकडा सांगून झाला की ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, "खोकला किती दिवस?" कुणी म्हणाले, धुळीचा आहे, तर ती ऐकूनच घेत नसे. दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायलाच हवी, असे बजावून ती डबी हातात ठेवी.

बारानंतर रुग्ण जात आणि मला पेंग येई. काचेतून उन्हाचा तिरपा पट्टा आत उतरे. त्यात धुळीचे कण वर-खाली तरंगत. अर्धवट झोपेत मला वाटे, हे मी आजवर तोललेले ग्रॅम आहेत. कुणाकुणाच्या अंगावरून हरवलेले ते ग्रॅम आता आपापले घर शोधत फिरत आहेत. मी त्यांच्याकडे पाहत तासन् तास डुलत असे.

त्या उन्हात आणखी काही तरंगत होते, ते मात्र मला दिसले नाही. क्षयाचे जंतू इतके हलके, की माझ्या दांडीला त्यांची कधी चाहूलच लागली नाही. मी आयुष्यभर वजने केली, आणि त्या खोलीतली सगळ्यांत मोठी गोष्ट बिनवजनाची निघाली.

आता जी गोष्ट मला अजून सलते, ती सांगतो. एका पावसाळ्यात खिडकीतून झड आत आली आणि माझ्या पाटाला गंज चढला. झाडलोट करणाऱ्या मावशींचा माझ्यावर भारी जीव. त्या मला तेलाच्या बोळ्याने पुसत, माझ्याशी बोलतसुद्धा. कचेरीतून निरोप आला होता, की हा काटा बिघडला तर दुसरा लवकर मिळायचा नाही. म्हणून मावशींनी खिडकी ओढून घेतली आणि कडी निसटू नये म्हणून बँडेजच्या पट्टीने करकचून बांधली. पाऊस गेला, पण पट्टी तशीच राहिली. मला ऊबदार, कोरडे वाटे. मी खूश होतो.

त्या बंद खोलीतच शनिवारी दुपारी सगळ्यांचे डबे उघडत. सिस्टर, मावशी, प्रयोगशाळेतली ताई, विभागाच्या डॉक्टरबाई, सगळ्याजणी. रुग्ण समोर असेपर्यंत सिस्टरच्या तोंडावरचा जाड मास्क हलत नसे. पण शेवटचा रुग्ण बाहेर पडला की ती तो काढून खुंटीला अडकवी आणि मोकळा श्वास घेई. रुग्ण गेला म्हणजे रोगही त्याच्याबरोबर दाराबाहेर गेला, असे सगळ्यांनीच धरून चालले होते. त्याने खोकून सोडलेली हवा मात्र तिथेच होती. बंद खोलीतून ती जाणार तरी कुठे?

जेवणानंतर गमतीने प्रत्येकजण माझ्यावर चढे. मावशी दर वेळी चपला काढून, पदर सावरून चढत आणि तरी मलाच खोटा ठरवत. सिस्टर अठ्ठावन्न भरे. एका शनिवारी ती छप्पन्न भरली, मग चोपन्न. ताई म्हणाली, तुझी बाई मजा आहे, आम्हालाही सांग की गुपित. सिस्टर हसून म्हणाली, की रात्रीचे जेवण कमी केले आहे. खरे तर तिला भूकच लागत नव्हती. संध्याकाळी अंग कोमट होई, ते कामाच्या शिणाने, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. साडेएक्कावन्नला मावशींनी तिची दृष्ट काढल्यासारखी बोटे मोडली. माझी दांडी खाली जात होती आणि खोलीत कौतुक चालले होते. मी आकडा सांगू शकतो, मित्रांनो. त्याचा अर्थ सांगायला मला तोंड नाही. त्या दिवशी मला त्याचे फार वाईट वाटले.

पुढच्या सोमवारी टेलर आजोबा आले. उपचाराचा त्यांचा चौथा महिना होता आणि पाच किलो वजन वाढले होते. सिस्टरने आकडा सांगितला, पण ते पाटावरून उतरेनात. ते तिच्या खांद्यांकडे पाहत होते.

"सिस्टर, हा ड्रेस तुमच्याच मापाचा शिवला होता ना?"

"हो आजोबा. हल्ली जरा बारीक झालेय."

"चाळीस वर्षं मापं घेतली मी. हौसेनं बारीक होणाऱ्याचं आधी पोट उतरतं. तुमचे खांदे उतरलेत." ते आता पाटावरून खाली आले. "दर महिन्याला तुम्ही विचारता, आज मी विचारतो. खोकला किती दिवस?"

सिस्टरने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ती मनाशी मोजू लागली. मोजता मोजता तिचा हात माझ्या खांबावर आला. हात गरम होता.

"तीन आठवडे झाले असतील," ती हळूच म्हणाली. "धुळीचा असेल हो."

"मीसुद्धा हेच म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं नव्हतंत."

त्याच दुपारी तिने स्वतःच्या नावाची डबी भरून दिली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. डॉक्टरबाईंनी तो वाचून दाखवला: क्षय. हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो, हे तिने शेकडो जणांना सांगितले होते. आता तेच तिला सांगितले जात होते, आणि ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बसली होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "माझी मुलगी तीन वर्षांची आहे. रात्री माझ्या कुशीत झोपते."

मुलीची तपासणी झाली. तिला आजार नव्हता, पण तो होऊ नये म्हणून औषध द्यायचे ठरले. त्याची मात्रा वजनावर. सिस्टरच्या सासूबाई तिला घेऊन आल्या. सिस्टर उघड्या दारासमोर अंगणात, मास्क लावून, दहा पावलांवर उभी होती. पोर माझ्यावर ठरेना. तिचे इवले तळवे आईच्या दिशेने वळत होते, दांडी नुसती थरथरत होती, आणि ज्याने कधी आकडा चुकवला नाही, त्या मला आकडाच लागेना. सिस्टरने लांबूनच टाळ्या वाजवत एक ते दहा मोजायला सुरुवात केली. पोर ऐकायला स्तब्ध झाली, तेवढ्यात मावशींनी वजन सरकवले. बारा किलो.

मग मावशी त्या बँडेजच्या पट्टीकडे पाहून रडू लागल्या. खिडकी मीच बांधली, म्हणाल्या. डॉक्टरबाई त्यांच्याजवळ बसल्या. "आपण सगळ्याच इथं डबे खात होतो मावशी. मीसुद्धा. ती पट्टी सोडावीशी एकीलाही वाटली नाही." त्यांनी कात्री आणून पट्टी कापली. त्या आठवड्यात विभागातल्या प्रत्येकाची तपासणी झाली. डबे अंगणात गेले. रुग्णांसारखेच आता कामावरच्या प्रत्येकाचे कार्ड आहे. त्यावर महिन्याला वजन लिहितात आणि खोकल्याचे विचारतात. मावशींनाही विचारतात, आणि त्या लाजून हसतात.

खिडकी उघडीच असते. पुढच्या पावसात माझा पाट पुन्हा गंजला. माझे छोटे वजन हल्ली कुरकुरत सरकते. मावशी वाईट वाटून तेलाचा बोळा घेतात, पण खिडकीकडे हात नेत नाहीत. दुपारी वारा आत येतो, उन्हातले कण पसार होतात, आणि मला आता पूर्वीसारखी स्वप्ने पडत नाहीत. मला त्याची हळहळ नाही. मला जपण्यापायी एका आईला दहा पावलांवर उभे राहावे लागले, ते मी विसरू शकत नाही.

सिस्टर दोन महिन्यांनी कामावर रुजू झाली. गोळ्या सहा महिने चालल्या, एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या महिन्यात ती लेकीला कडेवर घेऊन माझ्यावर चढली. दोघींचे मिळून बहात्तर. डॉक्टरबाईंनी पोरीला उचलून घेऊन पुन्हा पाहिले. सिस्टर एकोणसाठ. ताई काहीतरी चिडवायला निघाली होती. मग तिने नुसता सिस्टरचा हात दाबला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाची आई, मामी, आत्या रुग्णालयात काम करत असेल. दिवसभर त्या दुसऱ्यांना प्रश्न विचारतात, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. एखाद्या दिवशी त्यांचा ड्रेस खांद्यावरून सैल वाटला, तर "छान बारीक झालीस" असे एवढ्यात म्हणू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, "तू बरी आहेस ना?"