वैशालीताईंना बसवेना

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. सिल्वासात मला हिंचको म्हणणारेच जास्त. मी दोन्ही नावांना ओ देतो. इथल्या टोकरखाडा भागातल्या एका गुजराती कुटुंबाने मला हौसेने घडवून घेतलं. ते वापीला राहायला गेले आणि त्यांच्या घरासकट मी शाळेत शिकवणाऱ्या वैशालीताईंकडे आलो. माझ्या पितळी कड्यांचं कौतुक प्रत्येक पाहुणा करतो. न करणारा मला आवडत नाही.

गेल्या वर्षी ताई आजारी पडल्या. घरात कोणी नसताना त्यांना आवाज ऐकू यायचे, शेजारी आपल्यावर टपलेत असं वाटायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आवाज थांबले. पण त्यानंतर ताई दिवसभर माझ्यावर बसून जोरजोरात झोके घेऊ लागल्या. मी फुशारलो. त्यांचे यजमान प्रथमेशराव म्हणायचे, "हल्ली झोपाळ्यावर छान रमतेस." कोणाला काही खटकलं नाही, कारण झोपाळ्यावरच्या माणसाचे पाय हलायचेच.

मग छताचा हूक झिजला आणि मला उतरवून भिंतीला टेकवलं. ताई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये. चहा गाळतानाही त्यांचं या पायावरून त्या पायावर चाललेलं.

"वैशाली, जरा बस ना," प्रथमेशराव म्हणाले.

"बसवतच नाही रे. आतून कोणीतरी ढकलतंय. मला वाटलं आजार परत आला, म्हणून बोलले नाही. गोळ्या घेऊनही हे होतंय, तर त्या बंदच करते मी आजपासून."

माझा जीव वरखाली झाला. गोळ्या बंद झाल्या तर ते आवाज परत येतील, ही भीती मलाही होती. प्रथमेशराव रागावले नाहीत. "बंद नको करूस. आधी मॅडमना विचारू," म्हणत त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बसावंसं वाटत नाही, की बसायचं असूनही बसवत नाही?" मॅडमनी विचारलं.

"बसवत नाही," ताई म्हणाल्या.

"मग हा गोळीचा त्रास दिसतोय. पुष्कळांना होतो. संध्याकाळी या, तपासून गोळी बदलू. मनाने काही बंद करू नका."

ताई रडल्या. "आजार परत नाही आला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मलाही फार हलकं वाटलं. नव्या गोळीने त्यांचे पाय हळूहळू निवले, आणि नव्या हुकाला मीही परत लागलो.

मित्रांनो, माझ्या कड्यांना तेल घालायचं राहिलं तर मी थोडा कुरकुरेन, एवढंच. पण तुमच्या घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल आणि त्याचे हात, पाय किंवा जबडा स्वस्थ राहत नसेल, तर त्याला हसू नका, चाळे म्हणून रागावू नका. जवळ जाऊन विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

काल दुपारी ताई चहाचा कप घेऊन माझ्यावर बसल्या.

"झोका देऊ?" प्रथमेशरावांनी विचारलं.

"नको. नुसती बसते."

चहा संपेपर्यंत मी जराही हललो नाही.