सहाशे-सोळाचे टायर

वहाबनं टायर उभा केला, शेजारी उकिडवा बसला आणि अंगठ्याचं नख रबरात दाबून धरलं. नख रुतलं. काढल्यावर त्याची खूण हळूहळू भरून आली.

"नरम हाय," तो म्हणाला. "सडकेले धरून बसन. पन गिट्टीवर लवकर कापल्या जाईन, मालक."

अकोल्याच्या त्या टायरच्या दुकानात वामनराव बाकावर न बसता त्याच्या डोक्याशी उभे होते. खामगावात त्यांचं जिनिंग होतं आणि वडिलांनी काढलेलं 'पुष्पाबाई प्रसूतिगृह' होतं. वहाब त्या प्रसूतिगृहाची जीप चालवायचा. पण आज त्याला इथं आणलं होतं ते वामनरावांच्या दुसऱ्या गाडीसाठी. एका संस्थानिकाकडून घेतलेली ती दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि तिच्याभोवती माणसं जमली होती.

लढाईच्या काळातल्या एका जुन्या विमानपट्टीवर पुढच्या रविवारी मोटारींच्या शर्यती होत्या. तिथला नियम असा, की गाडी ट्रकवर लादून आणायची नाही. ती आपल्या पायांनी सडकेनं यायला हवी आणि आली त्याच टायरांवर पळायला हवी. झिजून गुळगुळीत झालेला टायर फाटकातूनच परत. म्हणजे वऱ्हाडातली खडी सोसेल आणि पट्टीच्या वळणावर घसरणारही नाही, असा एकच टायर निवडायचा होता. दुकानात दोन जाती होत्या. एक कडक, खोल खाचांचा. दुसरा मऊ, त्याच्यावर कंगव्यासारख्या बारीक उभ्या रेघा.

वामनरावांना या विषयातलं पुष्कळ कळत होतं. वेगात वळताना टायरची कड कशी दुमडते, कडक रबर अशा वेळी पकड कशी सोडतं, हे ते हाताचा पंजा वाकवून सांगत होते, आणि वहाबला ते ऐकताना मजा येत होती. तरुणपणी तो पलटणीत होता. इम्फाळच्या घाटात त्यानं लॉऱ्या चालवल्या होत्या. चिनी लढाईनंतर टायर मिळेनासे झाले, परमिटाशिवाय दुकानदार उभा करीनात, त्यामुळे नव्या रबराचा वास त्याच्या नाकात कितीतरी दिवसांत गेला नव्हता. त्यानं मऊ जातीचे सगळे टायर एकेक करून उजेडात फिरवले, एकाची कड वाकडी निघाली तो बाजूला टाकला, आणि चार निवडून भिंतीला लावून ठेवले. आपल्याच घरी वस्तू न्यायची असावी तसा तो हसला.

तेवढ्यात दुकानाचा मुनीम परमिटाच्या कागदावर शिक्का मारत म्हणाला, "पुष्पाबाई प्रसूतिगृहाची जीप, सहाशे-सोळा, चार नग. बघा बुवा, आता वर्षभर यांच्या नावावर काही मिळायचं नाही."

वहाबनं वामनरावांकडे पाहिलं. ते पाकिटातून सिगारेट काढत होते.

टायर तिथंच गाडीला चढवले. बाळापूर मागे पडलं. गाडी सडकेला चिकटून चालली होती, वळणावर जरादेखील कलत नव्हती. शेवटी त्यानं विचारलं, की परमिट जीपचं होतं काय. वामनरावांनी लपवलं नाही. दोन्ही गाड्यांची साइज एकच आहे, ते म्हणाले. रविवारी शर्यत, सोमवारी हेच टायर जीपला. एवढ्यानं काय झिजणार आहेत? जीप इतके महिने चाललीच आहे ना?

चालली होती हे खरं. जीपच्या टायरांवर आता एकही खाच उरली नव्हती आणि मागच्या एकाच्या आतून ठिगळ लावलं होतं. मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते वहाबला खटकत राहिलं.

गुरुवारी पिंपळगाव राजाच्या पलीकडून पुंजाजी नावाचा शेतकरी सायकल हाणत आला. त्याची मुलगी रुखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि काल सकाळपासून अडली होती. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. वहाबनं आकाशाकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं, आणि जीप काढली. मागे अन्नपूर्णा नर्स बसली. प्रसूतिगृहात ती दहा-बारा वर्षं होती. वहाबला ती भाऊ म्हणायची.

जाताना कसंबसं निभलं. परत येताना रुखमा मागे आडवी, तिचं डोकं आईच्या मांडीवर, आणि गावापासून थोड्या अंतरावर नाल्याचा उतार. काळी माती भिजून लोण्यासारखी झाली होती. वहाबनं पहिल्या गिअरमध्ये, श्वास रोखल्यासारखी जीप उतरवली. चढाला लागली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जीप आडवी सरकली, पुढचं चाक एका दगडाच्या धारेवर गेलं आणि टायर फाटला. जादा चाक लावलं तर त्यातही हवा टिकेना. पुंजाजीनं आणि वहाबनं खांदे लावले. जीप हलली नाही.

जवळच्या शेतातून बैलगाडी आणेपर्यंत, रुखमाला तिच्यात ठेवेपर्यंत बराच वेळ गेला. मूल बैलगाडीतच जन्मलं. अन्नपूर्णानं त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात तोंड घालून फुंकर घातली. पुष्कळ वेळ ती तेच करत राहिली. मग तिनं आपल्या अंगावरच्या शालीत त्याला गुंडाळलं.

"काऊन रडत नाई तो?" रुखमानं विचारलं.

तिनं पुन्हा विचारलं. बैल हाकणारा खाली उतरून बैलांच्या पुढे चालायला लागला.

रुखमा वाचली. तिला प्रसूतिगृहात कोपऱ्यातली खाट दिली. बैल लावून जीप मागाहून ओढत आणली, आणि अंगणात ती तिरकी, एका बाजूला बसून राहिली. वहाब शुक्रवारी दिवसभर तिच्याजवळ फिरकला नाही. घरी बायको नसीमा जेवायला वाढत होती, तेव्हा त्यानं ताट सरकवून दिलं. कशाचा राग आहे, तिनं विचारलं. मालकाचा होता, त्या मुनिमाचा होता, पावसाचा होता. पण सगळ्यांत जास्त राग त्याला अकोल्यात भिंतीला टायर लावून हसत उभ्या राहिलेल्या माणसाचा होता. त्याचा तळहात त्या टायरांवरून किती लाडानं फिरला होता, हे त्याला पुन्हापुन्हा आठवत होतं. तळहात विस्तवावर धरावा असं वाटत होतं.

शनिवारी सकाळी वामनराव शर्यतीला निघणार होते. बंगल्याच्या आवारात मंडळी जमली होती. जिनिंगचे मॅनेजर होते, दोन वकील होते, मुंबईहून आलेला एक मित्र होता. गाडीच्या नाकावर झेंडूचा हार घातला होता. वहाब फाटकातून आत आला, खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं, त्यातून जॅक काढला आणि गाडीखाली सरकवला. आधी कोणाला काही वेगळं वाटलं नाही. निघण्याआधी काहीतरी पाहत असेल. एक चाक सुटून जमिनीवर पडलं तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या.

वामनराव पायऱ्या उतरून आले. हातात पांढरे हातमोजे होते, एक चढवलेला, एक नाही.

"काय चाललंय हे?"

"जीपचे टायर काढून राह्यलो."

"वहाब, मला सगळं कळलंय. वाईट झालं. मीही माणूस आहे. पण मुलगी दीड दिवस अडलेली होती. टायर असते तर ते मूल वाचलं असतं, हे कोण सांगू शकतं?"

"कोनी नाई सांगू शकत. डॉक्टरबी नाई सांगत." वहाबनं मान वर केली नाही. तो दुसऱ्या चाकाशी सरकला. "पन जीप चिखलात रुतली, तवा ते जितं होतं. तिच्या पोटात हालत होतं. मी डोयानं पाह्यलं."

मॅनेजर पुढे झाले. त्यांनी वहाबच्या खांद्यावर हात ठेवला. वहाबनं तो हात झटकला नाही, फक्त हातातली पहार जमिनीवर ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मॅनेजर मागे सरले. पोलिसांना बोलवावं लागेल, असं ते म्हणाले.

"बोलवा," वहाब म्हणाला. "परमिट दाखवा त्याईले. जीपचे टायर जीपले लावाले निघाला, मनून धरा मले."

वकिलांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. मुंबईचा मित्र खिशात हात घालून जरा लांब, तुळशीवृंदावनाकडे जाऊन उभा राहिला. वामनरावांचा चेहरा लाल झाला होता. मग हलक्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून जीपवर बसायचं नाही."

"हाव."

वहाब कामाला लागला. तारांच्या चाकांवरून टायर उतरवणं सोपं नसतं. पहार जरा वाकडी लागली की कडा दबते. तिसऱ्या चाकाला त्याची पहार निसटली आणि चकचकीत कडेवर कर्रकन आवाज झाला. वामनराव तीरासारखे आले, चाकापाशी बसले आणि दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. "सावकाश," ते म्हणाले. "ही कडा पुन्हा मिळायची नाही." उरलेली चाकं त्यांनी तशीच धरून दिली. दोघंही एकमेकांकडे न बघता काम करत होते. पांढरा हातमोजा काळा झाला.

"मी सोमवारी देणारच होतो रे," शेवटचा टायर निघाला तेव्हा वामनराव म्हणाले.

वहाबनं पोतं भरलं. त्यानं टायर फाटकाबाहेर काढले आणि हातगाडीवाल्याला हाक मारली.

दुपारपर्यंत जीप चार पायांवर सरळ उभी राहिली. मॅनेजरांचा निरोप त्याआधीच येऊन पोचला होता, की उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येईल. अन्नपूर्णानं तो वहाबला सांगितला नाही, त्याला ठाऊक असणारच. पण ऊन कलायला लागलं तेव्हा ती अंगणात आली.

"वहाबभाऊ, माणूस आलाय. पुन्हा तिकडूनच. नाल्याच्या पलीकडून."

"आजचं काई म्हनले का ते?"

"आजचं काही म्हणाले नाहीत."

"मंग बसा."

नाल्याचा चिखल अजून वाळला नव्हता. जाताना तो वाट सोडून, पाण्याच्या कडेच्या खडबडीत मुरमावरून निघाला. येताना मागे कळा देणारी बाई होती, तिची सासू होती, आणि मुरमावरचे धक्के तिला सोसण्यासारखे नव्हते, म्हणून चिखलाचीच वाट धरावी लागली. चढाच्या मध्यावर चाकं फिरायला लागली. वहाब उतरला आणि त्यानं टायरकडे पाहिलं. त्या बारीक रेघांत काळी माती अशी गच्च बसली होती, की टायर काचेसारखा गुळगुळीत दिसत होता. डांबराला धरून बसणारा टायर. चिखलात त्याचा काही उपयोग नव्हता. खोल खाचांचे टायर अकोल्याला दुकानात पडले होते. ते नको म्हणणारे मालक होते, आणि हे चार निवडणारा तो स्वतः.

त्यानं शिवी दिली. कोणाला दिली ते त्यालाही कळलं नाही. मग चाकावर लाथ घातली, आणि मागून कण्हण्याचा आवाज आला तसा थांबला. बाभळीच्या फांद्या ओरबाडून त्यानं एका चाकाखाली कोंबल्या. काटे तळहातात गेले. दुसऱ्या चाकाखाली घालायला काही उरलं नव्हतं. त्यानं अंगातला खाकी कोट काढला, प्रसूतिगृहाच्या नावाचा लाल बिल्ला खांद्यावर शिवलेला, आणि तो चाकापुढे नीट पसरला. सासू आणि अन्नपूर्णा खाली उतरून मागून रेटायला लागल्या. जीप एकदा थरथरली, कोटावर चढली, आणि वर निघाली.

दिवेलागणीला आतून मूल रडलं. अंगणात वहाब बनियनवर बसून काडीनं टायरच्या रेघांतली माती काढत होता. त्याचा हात थांबला. मग तो पुढच्या रेघेला लागला. कोपऱ्यातल्या खाटेवर रुखमा भिंतीकडे तोंड करून निजली होती, ते त्याला उघड्या खिडकीतून दिसत होतं. त्यानं मान वळवली.

मॅनेजर किल्ली घ्यायला आले. वहाबनं हात पुसले आणि किल्ली दिली.

"कोटही जमा करायचा असतो," मॅनेजर म्हणाले.

"नाल्यात हाय."

मॅनेजर काही तरी बोलणार होते. पण वहाबनं त्यांच्यासाठी थांबण्याचं कारण उरलं नव्हतं. तो फाटकाबाहेर पडला आणि पौषातल्या थंडीत, बनियनवर, भर बाजारातून घराकडे चालत गेला.