सेनेमचे पाहुणे

माझा नवरा मुर्सेल धाब्याच्या छतावरची माती दाबायला दगडी रूळ फिरवत होता. छतासकट तो खाली आला आणि गेला. त्याच वर्षी माझा धाकटा दीर बेकीर जर्मनीला कोळशाच्या खाणीत कामाला लागला. ते सत्तर साल. पुढच्या वर्षी त्याने बायकोलाही बोलावून घेतलं. त्यांची सेनेम तेव्हा दीड वर्षाची होती, नुकती दूध सुटलेली. "घर मिळालं की नेऊ," असं म्हणून जेमिलेने तिला माझ्या कडेवर दिलं आणि ती बसमध्ये चढली.

सेनेम तोवर थोडं बोलायला लागली होती. ताक, मांजर, काकू, आजोबा. बस गेल्यावर एकेक करून ते शब्द गेले. आधी वाटलं, रुसली असेल. मग बर्फ पडलं, वाटा बंद झाल्या, बर्फ वितळलंही, तरी पोर मुकीच. तिच्या उशीखाली रोटीचे तुकडे सापडायचे, बुरशी आलेले. मी काढून टाकायची, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

पण मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. लेकरू पडलं की आधी आजूबाजूला बघतं, कोणी आहे का, आणि मगच भोकाड पसरतं. सेनेम पडली, गुडघा फुटला, तरी कुणाकडे बघायची नाही. उठायची, रक्त झग्याला पुसायची आणि चालू लागायची.

शेजारची फादिमे म्हणायची, "किती गुणी पोर गं! नाहीतर आमची. ढेकूळ लागलं तरी गाव गोळा करतात."

"तुझी माझ्याकडे पाठव आणि हिला घेऊन जा," मी म्हणायची. "आठ दिवसांत परत आणून देशील."

जर्मनीहून पत्रं यायची. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. इमाम येऊन मोठ्याने वाचायचे, समोर सासरे बसलेले. सासऱ्यांच्या कानावर पडणार म्हटल्यावर जेमिले लेकीचं नाव कशी घालणार? 'घरातल्या लहानथोरांना सलाम' एवढ्यातच सेनेम यायची.

आमच्याकडे थोरांसमोर आपलं लेकरू कोणी उचलत नाही. बाप समोर बसलेला असताना मुलगा स्वतःच्या मुलाला मांडीवर घेत नाही, लाडाने हाक मारत नाही, आणि सून तर नाहीच नाही. लाज वाटते. उचलायला आजी असते, चुलते असतात, शेजारी असतात, म्हणून लेकराचं काही अडत नाही. पण ही रीत सगळे एका अंगणात राहत होते तेव्हाची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघं पहिल्यांदा आले. घर मिळालं होतं, कागद झाले होते, दोन आठवड्यांत सेनेमला घेऊन परत जायचं होतं. मी महिनाभर तिला फोटो दाखवत होते. हे कोण? बाबा. ही कोण? आई. मीच विचारायची, मीच सांगायची, ती नुसती मान डोलवायची. ते येणार त्या दिवशी तिने स्वतःहून लाल झगा काढून आणला आणि सकाळपासून दारात बसली.

टपावर सामान लादलेली हिरवी गाडी आली. मागोमाग अर्धं गाव अंगणात. बेकीरने बापाचा हात चुंबून कपाळाला लावला आणि समोर गुडघे मोडून बसला. सेनेम दोन्ही हातांत तांब्याचा वाडगा धरून आली. काठोकाठ ताक, एक थेंब सांडला नाही. बापापुढे उभी राहिली. बेकीरने वाडगा घेतला, खाली बघत ताक प्यायला, वाडगा परत दिला. "जगत राहा," म्हणाला, कुठल्याही पोराला म्हणावं तसं. चुलीजवळ जेमिलेने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला घट्ट पीळ घातला होता.

सासरे खूश झाले. "बघा," ते शेजाऱ्यांना म्हणाले, "जर्मनीने माझा पोरगा बिघडवला नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे ताटाभोवती बसलो होतो. सेनेमने चमचा खाली ठेवला आणि स्पष्ट विचारलं, "आजोबा, हे पाहुणे कधी जाणार?"

तीन वर्षांत ती पहिल्यांदा बोलली होती. जेमिले उठून गोठ्यात गेली. मी मागोमाग गेले.

"जाऊबाई, मी तिला नेऊ कशी?" ती गव्हाणीला धरून रडत होती. "काल परसात एकटी दिसली म्हणून जवळ गेले, तर भिंतीला चिकटून उभी राहिली. माझी लेक आहे ती!"

"मला काय सांगतेस? तिला सांग."

"मामंजींसमोर?"

मी तशीच सासऱ्यांकडे गेले. "मामंजी, तुम्ही दोन दिवस मळ्यात राहायला जा."

"का? घर लहान पडलं?"

"तुम्ही असेपर्यंत ती दोघं पोरीला हात लावणार नाहीत. आणि न लावता नेली, तर ती पोर कायमची गेली समजा."

ते चिडले. "माझ्याच घरातून मला हाकलतेस? बेकीर रांगत रांगत विहिरीच्या काठाला गेला होता. माझा बाप समोर बसलेला. मी उठलो नाही. त्याच्या आजीने धावत जाऊन उचलला. काही झालं का त्याला?"

एवढं बोलले आणि त्यांच्या हातातली जपमाळ फिरायची थांबली.

दुसऱ्या दिवशी अंगणात गावातली माणसं चहा पीत होती. सासरे एकदम म्हणाले, "बेकीर, तुझ्या पोरीला उचल."

"बाबा..."

"खाणीत बहिरा झालास? उचल!"

बेकीरचे कान लाल झाले. तो उठला, कोंबड्यांजवळच्या सेनेमला त्याने उचलून छातीशी धरलं. "माझी सेनेम," म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. सेनेम फळीसारखी ताठ. हात खाली सरळ. रडली नाही, सुटायला धडपडली नाही. पाहुण्याचं ताक पिऊन होईपर्यंत आपण थांबतो ना, तशी थांबली. त्याने खाली ठेवल्यावर तिने झगा सारखा केला आणि पुन्हा कोंबड्यांना दाणे टाकायला लागली.

सासरे उठून आत गेले. चहा तसाच राहिला.

आठवड्याने ती त्यांच्याबरोबर गाडीत बसली. रडली नाही म्हणून बायका तिचं कौतुक करत होत्या. तिच्या झग्याचा खिसा फुगला होता. त्यात रोटी होती हे मला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तिला परत आणलं. जेमिलेच्या कडेवर तान्हा मुलगा होता. तिकडे दोघांच्या कामाच्या पाळ्या, ती आत एकटी, दाराला बाहेरून कुलूप, शेजारीण मधूनमधून डोकावणार. सेनेम वर्षभर कुठल्याच भाषेत बोलली नव्हती.

"वहिनी, आमच्या घरी ती पाहुण्यासारखी राहिली," बेकीर मला म्हणाला. "वर्षभरात एकदाही काही मागितलं नाही. असं लेकरू कधी बघितलंय?"

मी हात पसरले. माझी लेक नव्हती, मला कुणासमोर लाजायचं कारण नव्हतं. सेनेम आली, पण दोन हात अलीकडेच थांबली. पिशवी खाली ठेवली.

"काकू, मी कुठे झोपू?"

पाच वर्षांच्या आयुष्यातली तीन वर्षं ती माझ्याच गोधडीत झोपली होती.

ती मग माझ्याकडेच वाढली. कामाची, नीटनेटकी. एकोणीस वर्षांची असताना कायसेरी शहरात दिली. सणाला येते, माझा हात चुंबते, लगेच भांडी घासायला बसते. मागच्या ईदेला तिचा मुलगा अंगणात पडला. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, आई दिसली, आणि मग भोकाड पसरलं. माझा जीव भांड्यात पडला. सेनेम मात्र ओले हात तसेच धरून उभी राहिली. जवळ जाऊन काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. शेवटी मी उठले.

माझे सासरे दुरान पंच्याहत्तर साली द्राक्षांच्या तोडणीत वारले. जेमिले एकोणनव्वदच्या जानेवारीत जर्मनीत वारली. तिला गावात आणून पुरलं. सेनेम आली होती.