गार इंजिनाची किक

कार्तिकातल्या सकाळी उजेड अजून लिंबाच्या शेंड्यावरच रेंगाळत असायचा, चुलींचा निळसर धूर अंगणावर पातळ अंथरलेला असायचा, आणि त्या निश्चल गारव्यात पत्र्याच्या छपराखालून एक लोखंडी कुरकुर उमटायची. मोटारसायकलच्या किकचा दांडा अगदी हळू खाली जायचा, कुठेतरी अडायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात सुलूआत्या असायची. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, तान्ह्या बाळाच्या छातीचा ठोका ऐकावा तसे इंजिनाच्या पोटातल्या दाबाकडे लागलेले सारे अवधान. मग देहाचा सगळा भार उजव्या पायावर झोकून ती एकच किक मारायची. गाडी खोकायची, शहारायची आणि बोलू लागायची.

सुलूआत्या ही माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, धाकटी बहीण. आमच्या गावच्या उपकेंद्रात ती आरोग्यसेविका होती. नवरा आणि मुलगा पुण्याला. बदली माहेरच्याच गावी झाली म्हणून ती आमच्याकडे राहत असे. मी तेव्हा बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन घरात बसलेली होते, त्यामुळे तिच्या एकोणपन्नासाव्या वर्षाची मी सर्वांत जवळची साक्षीदार. तिच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा, आणि त्या वर्षापासून पेट्रोलचाही. दोन्ही वास साबणाने जात नसत, आणि घालवायच्या खटपटीत ती पडतही नसे.

तिच्या वाट्याला डोंगरावरचे दोन तांडे आणि तीन वस्त्या होत्या. वर जाणारी प्रवासी जीप रस्ता उखडल्यापासून बंद झाली होती. आत्या पायी चढायची. पोचेपर्यंत दहा वाजायचे, आणि तोवर बाया कामाला निघून गेलेल्या असायच्या, कडेवरच्या लेकरांसह. लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून ती कुलपे लागलेल्या दारांवरून परत यायची. या परत येण्याबद्दल तिने कधी कोणाला बोल लावला नाही; फक्त संध्याकाळी राहून गेलेल्या लेकरांची नावे ती वहीत पुन्हा पुन्हा वाचत बसायची, आणि वाचताना तिच्या कपाळावर एक बारीक उभी आठी उमटायची, जी झोपेतही मावळत नसे.

छपराखाली अण्णांची मोटारसायकल दोन वर्षांपासून धूळ पांघरून उभी होती. अण्णा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली तशी त्यांनी गाडीची साथ सोडली. कारबेटरची जुनी गाडी ती, बटणावर सुरू होणे तिला ठाऊकच नव्हते.

“अण्णा, ही गाडी मला दे,” एका सकाळी आत्या म्हणाली.

अण्णांची बशी ओठांपाशी थबकली. “तुला? कावून?”

“तांड्यावर जायला.”

“सुले, एखादी स्कुटी घे की. बटन दाबलं की झालं.”

“त्या चढाला स्कुटीची चाकं टिकायची न्हाईत. दगडं लई हायेत.”

“अन् हिला सकाळी उठवता उठवता मलाच घाम फुटायचा. भंगारवाला परवा बघून गेलाय.”

“त्याला येऊ नको म्हणून सांग,” आत्या म्हणाली. “कशी उठवायची तेवढं मला दाव.”

अण्णांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “सांगीन. पन बाजेवरून सांगीन, गाडीला हात न्हाई लावायचो. डोंगरात बंद पडली तर मी काय यायचो न्हाई. तुझं तुलाच करावं लागंल.”

दुसऱ्या दिवसापासून अंगणात एक विलक्षण पाठशाळा भरू लागली. अण्णा बाजेवर पाय लांब करून बसलेले. आत्या गाडीपाशी, साडी ठेवून सलवार-कुडत्यात, पायात कॅनव्हासचे बूट. अण्णांचे शब्द मोजके असत. आधी पेट्रोलची चावी उघडायची. मग गार इंजिनाला जास्तीचे पेट्रोल पाजणारा चोक ओढायचा. गाडीची चावी बंद ठेवून दोन हळू किका, म्हणजे पेट्रोल आत पोचते. नंतर चावी लावायची, दांडा दाबत दाबत अडेपर्यंत न्यायचा, आणि तिथून एकच किक, तळापर्यंत. पेट्रोल वाढवणाऱ्या हँडलच्या मुठीला मात्र स्पर्श नाही.

ऐकायला सोपे, पण पहिल्या आठवड्यात गाडीने एकदाही दाद दिली नाही. किकचा दांडा उलटा येऊन आत्याच्या नडगीवर बसला, नडगी सुजली, तिने हळद लावली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच उभी राहिली. घाबरून ती मूठ पिळायची, मग सगळे अंगण पेट्रोलच्या वासाने भरून जायचे, आणि बाजेवरून आवाज यायचा, “पाजलंस जास्ती. आता चोक मोड, आत लोट. मूठ पुरी पिळून धर, अन् मार सात-आठ.” रस्त्याने जाणारी माणसे कुंपणापाशी घुटमळत. कोणी तरी विचारी, “बाई, धक्का मारू का?”

“नको. तुमी व्हा पुढं,” आत्या मागे न बघता सांगायची. तांड्यावर धक्का मारायला कोण असणार, हा हिशेब तिच्या मनात पक्का होता.

नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. इतका अनपेक्षित होता तो आवाज, की लिंबावरचे साळुंक्यांचे अख्खे बिऱ्हाड उडाले. आत्याने हर्षभराने लगेच चोक मोडला आणि गाडी विझली. “लगीच मोडू नको,” अण्णा म्हणाले, “तिला जरा ऊब येऊ दे.” आत्याने मान हलवली, पुन्हा दांडा अडेपर्यंत नेला, पुन्हा डोळे मिटले. या वेळी गाडी विझली नाही. छपराखालच्या तिरप्या उन्हात निळा धूर वर चढत राहिला आणि त्या धुराच्या मागे आत्याचा घामेजलेला, विस्कटलेल्या केसांचा चेहरा मला एकाएकी फार तरुण वाटला.

मग रविवार गाडीचे झाले. आत्या गोणपाट अंथरून त्यावर पाने, पेचकस, जुन्या मऊ धोतराचे तुकडे मांडायची. प्लगवरची काजळी घासायची, हवेच्या जाळीतली धूळ झटकायची, कारबेटरच्या तळाशी जी लहानशी वाटी असते तिचा स्क्रू ढिला करून आतले पेट्रोल काचेच्या पेल्यात उतरवायची आणि उजेडाकडे धरून निरखायची. अर्धा मिलिलिटर औषध सुईत अचूक भरणारे तिचे हात या कामासाठीच घडले असावेत असे वाटे. इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक केसाएवढे बारीक. एकदा ती त्यात तार घालू लागली तेव्हा अण्णा बाजेवर ताडकन उठून बसले. “तार न्हाई घालायची! भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागती. फुंकर मार. सायकलचा पंप घे.” तिने पंप घेतला. पुढे अण्णांना फारसे काही सांगावे लागेनासे झाले. ते नुसते ऐकत, आणि इंजिनाचा सूर बरोबर लागला की विडी पेटवत.

पडीक रानात ती चालवायला शिकली. दोनदा पडली, कोपर सोलून घेतले, तालुक्याला जाऊन लायसन काढले. चैत्र सरता सरता ती सात वाजता तांड्यावर पोचू लागली होती, आणि बाया कामाला निघायच्या आत दारे उघडी सापडू लागली होती.

दिवाळी सरली की आमच्या डोंगरावरची माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाने टोळीचा ट्रक भरला की वर म्हातारी माणसेच उरतात, आणि लेकरे पुढचे चार-पाच महिने कोणत्या उसाच्या फडात, कोणत्या पालात आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. त्या वर्षी वरच्या तांड्यातल्या अकरा लेकरांची गोवराची लस राहिली होती. ट्रक दुपारी निघणार असा निरोप होता. आत्याने आदल्या संध्याकाळी बर्फ घालून लशीचा डबा तयार ठेवला आणि सकाळी मला म्हणाली, “चल, डबा धरायला ये.”

अर्धा चढ चढलो आणि गाडीने दोन आचके दिले. तिसऱ्या आचक्याला ती उभी राहिली. खाली गाव धुक्यात, वर तांडा दिसेना, आजूबाजूला फक्त कुसळे आणि वारा. मी म्हटले, “आत्या, अण्णांना फोन लावू का?”

“ते येणारेत का?” ती म्हणाली आणि रस्त्यावरच मांडी घालून बसली.

तिने वाटीचा स्क्रू ढिला केला. पेट्रोल तिच्या तळहातावर उतरले आणि त्याच्या तळाशी एक थेंब वेगळा होऊन गोल गोल फिरू लागला, उन्हाचा एक कण पोटात घेऊन. “पाणी,” ती म्हणाली. वाटी निथळू दिली, स्क्रू आवळला, प्लग काढला, ओढणीने कोरडा केला, परत बसवला. चोक. दोन हळू किका. दांडा अडला. पहिली किक वाया गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. प्रत्येक वेळी ती तितकीच थांबत होती. घाईचा एक कणही तिने त्या थांबण्यात शिरू दिला नाही. सहाव्या किकला गाडी बोलली.

तांडा मात्र रिकामा होता. एक म्हातारा भिंतीला टेकून उन्हाला बसला होता. “सकाळीच गेला की ट्रक, बाई. मुकादमाला फोन आलता. आता मांजरसुंब्याला थांबत्याल चहाला, मग जात्याल पुढं.”

मांजरसुंबा तिथून सतरा किलोमीटर. हायवेवर आत्या एकदाही गेली नव्हती. मी म्हटले, “राहू दे ना. फोन करून सांगू, तिकडं घ्या म्हणून.”

“फोनवर सुई टोचता येती का?” आत्या म्हणाली. “बस मागं. डबा घट्ट धर.”

त्या सतरा किलोमीटरांचे मला आज सगळ्यांत स्पष्ट आठवतात ते तिचे खांदे. शेजारून ट्रक जायचा तेव्हा वाऱ्याचा एक लोट आम्हाला कडेला ढकलायचा, खांदे ताठ व्हायचे, आणि मग ती एक दीर्घ श्वास घेऊन ते स्वतःहून सैल सोडायची. भीती तिला वाटत होती. तिच्या खांद्यावर ठेवलेल्या माझ्या एका तळहाताला ती कळत होती. पण गाडीचा सूर कुठे चढला नाही की कुठे खचला नाही.

ढाब्यासमोर ट्रक उभा होता. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांचे डालगे आणि या सगळ्यांच्या मधून डोकावणारी लेकरे. मुकादम हात झटकत पुढे आला. “बाई, टाइम न्हाई. दिवस हाय तवर कारखान्यावर पोचायचं हाय.”

“तासभर द्या.”

“आता कावून थांबवता? आल्यावर टोचा की.”

“भाऊ, फडात एका लेकराला गोवर निघाला की पालापालानं फिरतो,” आत्या शांतपणे म्हणाली. “मग बाया लेकरं मांडीवर घेऊन बसत्याल. तुमचा कोयता कोण धरंल?”

मुकादमाची नजर तिच्या काळ्या झालेल्या हातांवर गेली. मग ड्रायव्हरला ओरडला, “बंद कर रं गाडी. बाईंला खाट द्या एक.”

पहिली उतरली ती कडेवर लेकरू घेतलेली एक कोवळी आई. “ताई, तुमी ह्या फटफटीवर आलाव?”

“व्हय. आधी मला हात धुवायला पाणी दे, मग त्याला मांडीवर घे.”

साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आत्याने डबा उघडला. ढाब्याच्या चिंचेखाली एकेक रडणे उठत गेले आणि एकेक निवत गेले. लस टोचल्यावर अर्धा तास थांबायचे, तेही तिने मुकादमाला थांबायला लावले. दहा लेकरे झाली. अकरावा, बबल्या, चुलत्याबरोबर दुसऱ्या ट्रकने आदल्या दिवशीच गेला होता. टोळी निघाली तेव्हा सगळ्या बायांनी हात हलवले; आत्याने हलवला, आणि रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाली, “दहाच झाली.”

घरी आल्यावर अण्णांनी सगळे ऐकून घेतले. “प्लग वला होता?”

“व्हता.”

“पुसलास?”

“पुसला.”

“मग बराबर,” ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते गुडघे धरत एसटीने बीडला गेले आणि गाडी तिच्या नावावर करून आले. बबल्याला लस मिळाली ती फाल्गुनात, टोळी परतल्यावर. त्याची खबर लागताच आत्या त्याच दिवशी वर गेली.

तीन वर्षांनी तिची बदली सिरसाळ्याकडे झाली. सामान टेम्पोने गेले, ती गाडीवर गेली. अण्णा आता नाहीत. छपराखाली माझ्या भावाची नवी गाडी असते, जिला न थांबता, न ऐकता सुरू होता येते. मी शाळेत शिकवते. सुटीत आत्याकडे जाते. मागच्या वेळी मी तिला त्या दिवसाची आठवण काढून विचारले. ती भाजी निवडत होती. “असंल बाई,” ती म्हणाली, “किती येळा बंद पडली ती, किती येळा चालू केली. ध्यानात न्हाई.” आणि पुढच्या जुडीला हात घातला, कारण तिला चारला वस्तीवर निघायचे होते.

प्रथम मला वाईट वाटले. आता वाटत नाही. करणारी माणसे पुढे निघून जातात आणि त्यांच्यामागे काळ एकेका दिवसावर हलक्या हाताने माती लोटत राहतो. ज्यांनी नुसते मागे बसून पाहिले, तो दिवस जपण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते, आणि ते तरी नीट व्हावे एवढीच आता माझी धडपड आहे.