दंडातला उंदीर

तांब्यातलं पाणी तेवढं हललं, तांब्या जागचा हलला नाही—आणि निशिगंधाला वाटलं, पितळसुद्धा आपल्याकडे बघून दात काढतंय. अर्धाच तर भरलाय मेला! रंकाळ्यावर स्कूटी घसरली, कोपर मोडलं, प्लास्टर निघालं. आतून निघालेला उजवा हात मात्र कुणा दुसऱ्याचाच, वाळक्या शेंगेसारखा. सोमवारी तो फळ्यापर्यंत गेला नाही तर नववीचं इंग्रजी दुसऱ्या बाईंकडे जाणार आणि आपण ग्रंथालयात... पुस्तकांवरची धूळ झटकायला. तीही डाव्या हातानं.

नववी म्हणजे तिचा जीव. तास संपता संपता ती एक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिते आणि त्याचं लॅटिन मूळ खणून काढते. कंपनी म्हणजे मुळात एका भाकरीचे वाटेकरी, असं सांगितल्यावर कागलच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील कंपनीत कामाला आहेत ती पोरं बाक बडवून हसली होती. आणि मसल? मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, कातडीखाली पळतो म्हणून. इतकी वर्षं सांगतेय, पण स्वतःच्या दंडाकडे कधी पाहिलं नाही...

तिचे वडील, आबा, तेलाची वाटी घेऊन आले. जन्म तालमीत गेलेला माणूस. त्यांच्या हातांना अजून लाल मातीचा वास येतो, असं तिला उगाच वाटतं. ते तिचा दंड चोळू लागले तेव्हा तिनं आपलं उंदराचं पुराण लावलं.

"उंदीर? खुळी का काय," आबा म्हणाले. "बेटकुळी म्हणत्यात तिला. बेडकी असती ती, टुणकन उडती. त्या लॅटिनवाल्यांनी कुस्ती बघितली न्हाय कधी."

बेटकुळी... फ्रॉकातली ती, आबांच्या दंडाला लोंबकळलेली—परत दाखवा ना, परत—आणि कातडीखाली उसळणारा तो गोळा, आणि पोट दुखेपर्यंतचं ते हसू. म्हणजे तिकडं, लॅटिनवाल्यांतही, असाच कुणी बाप असणार. लेकीसमोर दंड फुगवून म्हणाला असणार, बघ, उंदीर पळाला. आपण फळ्यावर इतक्या गंभीरपणे लिहितो तो शब्द, मुळात पोरीला हसवायला जन्मलेला! तिला एकदम इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले.

तिनं तांब्या धरला. बोटभर वर उचलला गेला, पाणी साडीवर सांडलं, तांब्या पुन्हा खाली.

"हलली की," आबा दंडावर बोट ठेवून म्हणाले. "बारकी हाय, पण हाय."

सोमवारचं सोमवारी. हात फळ्यापर्यंत जाईल, न जाईल... तिनं तांब्यात पुन्हा पाणी ओतलं, आधीपेक्षा जरा जास्तच, आणि बाही वर सारून दंडाकडे टक लावून बसली—फ्रॉकातल्या त्या पोरीसारखी, आता उडेल, आता पळेल म्हणून.