सानरेजाच्या पायातला चुना

डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला आणि हाडांच्या बाजूने उतरणाऱ्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. दारियेमला वाटलं, हेही एखादं बारीक हाडच असेल.

"ही रक्ताची नस आहे, बू," त्या तिला म्हणाल्या; बाईमाणसाला तिथे आदराने बू म्हणतात. "एरवी एक्सरेत दिसतच नाही. हिच्या भिंतीत चुना साचलाय, म्हणून दिसतेय. नस कडक झाली, रक्त खाली पोचेना, म्हणून यांच्या बोटाची जखम भरत नाहीये."

"चुना?" दारियेमचा नवरा सानरेजा ताठ बसला. "आपला नेहमीचा?"

"तसलाच म्हणा. पण तो खाण्यातून नाही आला. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसेच्या भिंतीच बिघडतात, हाडासारखा चुना धरायला लागतात. साचला तो आता निघणार नाही. पण गोड बंद करा, गोळ्या चुकवू नका, रोज पट्टी करून घ्या. पाय वाचू शकतो अजून."

बाईंनी इतकं नीट सांगितलं, आणि सानरेजाने त्यातला चुना तेवढा उचलून घरी आणला.

बान्युमास भागातल्या त्यांच्या गावात घरोघर माडाचा रस उतरवून गूळ करतात. रस आंबू नये म्हणून माडावर टांगायच्या बांबूच्या नळ्यांत आधी थोडा चुना घालावा लागतो. सानरेजाच्या घरी ते काम दारियेमचं. त्यामुळे आरोपी शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही.

"जन्मभर तू नळ्यांत चुना घातलास, येम. थेंब थेंब माझ्या पायात उतरला."

"तोच गूळ मीही खाल्लाय, कांग," दारियेम म्हणाली; नवऱ्याला ती कांगच म्हणायची. "गावाने खाल्लाय. बाई तर साखर म्हणाल्या."

"गूळ म्हणजे काय साखर? बापाने खाल्ला, आजाने खाल्ला. माडावरून पडून मेले, पाय सडून नाही मेलं कोणी."

त्याचा धाकटा भाऊ मादराईस ओसरीवर बसला होता. दादाचा पाय बिघडल्यापासून माड तोच चढायचा. "यू, चुन्याला तुमचा हात जरा सैलच आहे," तो वहिनीला म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

दारियेमने नळ्यांतला चुना बंद केला. विड्याच्या चुन्याची पितळी डबी होती, तिच्या आईची, तीही नवऱ्याच्या डोळ्यांदेखत नदीत टाकली. वाद जिंकून काय करायचंय, पाय राहिला म्हणजे झालं, असं तिला वाटलं. आणि खरंच माझ्याच हातून झालं असेल तर, अशी धास्तीही मनात होतीच.

"मी चुना सोडला, कांग. आता तुम्ही गूळ सोडा."

"ज्याने दुखणं आणलं ते गेलं की घरातून. आता गुळाच्या मागे का लागलीस?"

बिनचुन्याचा रस दुपारपर्यंत फसफसायचा. कितीही आटवला तरी गूळ धरेना, कढईत नुसता चिकटा उरायचा. सानरेजाला मात्र जुन्या साठ्यातला गूळ होता. गरम चहाचा घोट घ्यायचा आणि गुळाचा खडा दाताने तोडायचा, ही त्याची सवय. तिने साठा तांदळाच्या टोपलीत लपवला, तर मादराईस आपल्या घरून घेऊन आला.

"माणसाचा पाय दुखतोय, यू. जिभेला तरी सुख मिळू दे."

चुना गेला म्हणजे आता बरंच वाटणार, म्हणून सानरेजाला बरं वाटूही लागलं. गोळ्या राहू लागल्या. पट्टीला जाणं बंद झालं. बोट काळं पडलं, मग पाऊल. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

"घरात गोड बंद होतं ना, बू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चुना बंद होता," दारियेम म्हणाली. बाईंना काही कळलं नाही, आणि तिनेही समजावलं नाही.

कापलेला पाय रीतीप्रमाणे पांढऱ्या कापडात गुंडाळून घरामागे पुरला. शेजारी जमले, गोड चहा फिरला. बायकोच्या हाताने गेला बिचाऱ्याचा पाय, असं कोणीतरी म्हणालं, तेही तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने ऐकलं आणि पेले उचलले. आपण त्या दिवशी डबी नदीत टाकायला नको होती, गुळाची टोपली टाकायला हवी होती, हे तिला आता कळत होतं, आणि तिला स्वतःचाच संताप येत होता.

माणसं पांगली. मादराईसने जाता जाता भावाच्या हातात एक खडा ठेवला. सानरेजा बाकावर बसून तो चघळू लागला. गुळाचा चुरा खाली सांडत होता, उरलेल्या पायावर. तांबड्या मुंग्यांची रांग बाकाखालून आली आणि अंगठ्यावर चढली. बोटांच्या बेचक्यात त्या कडकडून चावत होत्या, कातडी लाल झाली होती. दुसरा कोणी असता तर बोंबलत उठला असता. सानरेजाला कळलंही नाही, तो चहाचा घोट घेत होता.

दारियेम खाली बसली आणि हाताने त्याचं पाऊल झाडू लागली.

"काय झाडतेस गं?"

"चुना," ती म्हणाली.