आईंच्या आवाजाचं बटण

आमच्या सासूबाईंचा आवाज गेला तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी माझ्याकडे पार्टी मागितली. थट्टाच होती, पण माझं डोकं फिरलं. “तुमच्या जिभेला काही हाड?” म्हटलं, आणि त्या दिवशी डबा एकटीनंच खाल्ला. खरं सांगायचं तर राग स्वतःचाच आला होता. आदल्या वर्षी एका भांडणानंतर ‘यांचं तोंड कधी बंद होईल’ असं मीच तिथे बोलून बसले होते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. बत्तीस वर्षं एका संस्थेत शिवणकाम शिकवतात. घशात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. आई ऑपरेशनला तयारच होईनात. आमचे हे समजावून समजावून थकले. मी एकदाच बोलले, तेही चिडून: “आवाज नसला तरी भांडता येईल, मेल्यावर कशा भांडणार?” दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. का केली ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग घरात टॅब्लेट आला. आई एका बोटानं टाइप करतात, हिरवा गोल दाबतात, आणि आतली बाई बोलते. ती बाई बातम्या दिल्यासारखी बोलते. त्यामुळे ‘या घरात कुणाला अक्कल नाही’ हे वाक्यसुद्धा आम्हाला आता हवामानाच्या अंदाजासारखं ऐकावं लागतं.

टाकीतलं सगळं पाणी वाहून गेलं त्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं. चूक माझीच, नळ मीच उघडा ठेवला होता, पण कबूल कोण करतंय! आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, डाव्या हातात टॅब्लेट, उजव्या हाताचं बोट टकाटक चाललेलं. हिरवा गोल दाबला. आतली बाई म्हणाली, “तू नसतीस तर—” आणि पडदा काळा झाला.

“नसते तर काय?” मी ओरडले. “सुखात असता, असंच ना?” आणि पाय आपटत बाहेर गेले. परत आले तोवर त्यांनी मजकूर पुसला होता. पुढचे दोन आठवडे ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. विचारायला मात्र जीभ रेटेना.

तशात संस्थेचं पत्र आलं. सोमवारी मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. आई शिकवू शकतात असं दिसलं तर वर्ग त्यांचा, नाही तर नवी शिक्षिका. आईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून शिवणाच्या डब्यात ठेवलं, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. तो वर्ग गेला असता तर आई घरात नुसत्या बसून संपल्या असत्या. हे मला कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घरात तालीम केली. विद्यार्थिनी मी. आईंचं शिकवणं खुर्चीवर बसून होत नाही, टेबलाटेबलाशी फिरून होतं. कुणाची कात्री कशी चाललीय ते मागे उभं राहून बघायचं आणि तिथल्या तिथे कानउघाडणी करायची. टॅब्लेट गळ्यात अडकवावा तर गळ्यावर जखम. म्हणजे हातात धरणं आलं. पाऊण तासात तीनदा पडदा काळा झाला. तिसऱ्या वेळी आईंनी टॅब्लेट पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. देवाशपथ, कुणाला बघायला लागू नये.

“द्या इकडे,” मी म्हटलं.

आता हा माझा प्रांत. मी फोन आणि टॅब्लेटच्या कव्हरांचे साचे बनवते. लोक फोन घेतात तेव्हा पडदा बघतात, कॅमेरा बघतात. मी कडा बघते. बटण कुठे ठेवलंय, चार्जिंगचं भोक कुठे, आवाजाच्या जाळ्या कुठे. एखाद्या फोनचं बटण बोट शोधायला न जाता बोटाखाली येतं ना, तेव्हा ते तिथे ठेवणाऱ्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात सलाम ठोकते. त्यानं शंभर हात बघितलेले असतात. आणि एखादं बटण भलतीकडे असलं की त्याच माणसाच्या नावानं बोटं मोडते.

आईंचा टॅब्लेट आडवा धरला की चालूबंदचं बटण डाव्या कडेला वरच्या टोकाशी यायचं. हात दमला, टॅब्लेट घसरत खाली आला, की अंगठ्याचं मूळ नेमकं त्या बटणावर. आवाज बंद. मग तो उलटा फिरवून धरावा तर चार्जिंगचं भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या डाव्या कडेला यायच्या, आणि तळव्याखाली बातम्यावाल्या बाईचा गळा दाबला जायचा. खालची कड धरावी तर अंगठा पडद्यावर येऊन वाक्यात भलतीच अक्षरं घुसायची.

“उपाय सोपा आहे,” मी ऐटीत म्हटलं. “बटणाभोवती रबराची उंच कड देते. हात त्यावर टेकेल, बटणाला लागणार नाही.”

आईंनी मान हलवली आणि टाइप केलं, “आधी हात बघ. खिसा कुठे लावायचा ते कापडाला विचारत नाहीत.”

त्यांनी डब्यातून निळा खडू काढला, डाव्या तळव्याला चोळला, डोळे मिटले आणि टॅब्लेट धरला. दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. हात सरकला तेव्हा कडेवर निळा पट्टा उमटला, खालच्या कोपऱ्याजवळून सुरू होऊन थेट बटणापर्यंत गेलेला.  आमच्या कारखान्यात हेच शोधायला आम्ही आठवडा घालवतो, आणि या बाईनं खडूच्या तुकड्यानं दोन मिनिटांत दाखवलं. वर्गात खिसा शिकवताना त्या हेच करतात म्हणे. मुलीला डोळे मिटून हात सोडायला लावतात आणि बोटं टेकतील तिथे खूण करतात.

शुक्रवारी मी मालकांना विचारून उरलेल्या रबरात एक कव्हर ओतलं. घाई होती, मनात सोमवार होता. शनिवारी दुपारी घरी आणून टॅब्लेटवर चढवलं आणि बघते तर काय! बटणासाठी ठेवलेलं उंच कडेचं भोक वरच्या टोकाला नव्हतंच. ते खालच्या टोकाला आलं होतं. बटण सबंध रबराखाली गाडलं गेलं होतं.

आमच्या धंद्यात फोन-टॅब्लेटसारखं यंत्र नेहमी पालथं असतं. साच्यात ते पडदा खाली करून झोपतं, म्हणून आम्ही आकृती पाठीकडून काढतो. मी मात्र आईंच्या हाताची खूण समोरून घेतली, समोरूनच काढली, आणि सवयीनं पाठीकडची समजून साच्याला दिली, त्यामुळे सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं. अठरा वर्षांच्या कामात नव्या पोरींना ज्या चुकीसाठी फैलावर घेते, तीच चूक मी करून बसले होते. चार्जिंगचं भोक आणि जाळ्या कडेच्या मधोमध होत्या म्हणून तेवढ्या बरोबर बसल्या. आवाज कमीजास्त करायची बटणंसुद्धा गाडली गेली, कॅमेऱ्यावर रबर आलं.

“जळलं मेलं माझं लक्षण!” मी कव्हर ओढून काढायला लागले. रविवारी कारखाना बंद, दुसरं ओतून सुकायला सोमवार उलटला असता.

आईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. टॅब्लेट हातात घेतला, डोळे मिटले आणि उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन, पाच. हात सरकला, आणि अंगठ्याचं मूळ त्या रिकाम्या भोकाच्या उंच कडेला जाऊन अडलं. तिथेच थांबलं. वर जाईचना. आणि वर जे होतं ते जाड रबराखाली होतं, गेलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

आई हसत होत्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग टाइप केलं, “उलटं शिवलंस. पण अंगात बसलं.”

मी आतल्या बाजूनं पातीनं जरा रबर खरवडलं, म्हणजे कव्हर स्वतःच बटण दाबून ठेवणार नाही. पडद्यावर दोनदा टिचकी मारली की टॅब्लेट जागा व्हायचा, त्यामुळे बटणाची गरजही नव्हती. आवाज आधीच पूर्ण वर होता. आमच्या ह्यांनी कव्हर उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे आता आईचा आवाज कमी करायला घरात बटणच राहिलं नाही?” आईंनी त्यांना अशी नजर दिली की ते गप्प चहा करायला गेले.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून चार्जर घेऊन वर्गात मागच्या बाकावर बसले.  अकरा विद्यार्थिनी, लांब टेबलं, खिडकीशी संस्थेच्या मोठ्या बाई, मांडीवर वही. धडा खिशाचा होता. आई टेबलाटेबलाशी फिरत होत्या. बातम्यावाल्या बाईच्या आवाजात “कात्री उघडी ठेवून विचार करू नकोस” असं ऐकून आधी मुली खुदखुदल्या, दहा मिनिटांनी कामाला लागल्या. एक मुलगी खिसा फारच मागे लावत होती. आईंनी तिला उभं केलं, डोळे मिटायला लावले, हात सोडायला लावला आणि खडूनं खूण केली. मुलीनं डोळे उघडून खूण बघितली आणि नुसती “अय्या!” म्हणाली. आईंचा हात सरकायचा, कडेला अडायचा, थांबायचा. तास संपेपर्यंत पडदा एकदाही काळा झाला नाही. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि हे मी इथे सांगतेय, त्यांना सांगणार नाही.

शेवटी मोठ्या बाईंनी वही मिटली. “वर्ग तुमचाच,” त्या म्हणाल्या. “एकच विचारते. एवढ्या मोठ्या आजारातून उठून पुन्हा उभं राहायचं बळ आणलंत कुठून?”

आई टाइप करायला लागल्या. बराच वेळ टाइप करत होत्या. अकरा मुली, मोठ्या बाई, सगळे थांबले. मग त्यांनी हिरवा गोल दाबला.

“मागे बसलीय ती माझी सून,” आतली बाई बातम्यांच्या सुरात, पूर्ण आवाजात म्हणाली. “मी तिला सांगत होते. तू नसतीस तर मी ऑपरेशन करून घेतलंच नसतं. भांडायला कुणी हवं म्हणून जगले.”

मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी पिशवीत चार्जर शोधत असल्यासारखं केलं. चार्जर माझ्या हातातच होता.

घरी जाताना निम्मी वाट कशीबशी काढली. मग राहवेना.

“अहो आई, हे त्या दिवशीच सांगता आलं नसतं? दोन आठवडे माझी झोप उडाली!”

आई रस्त्याच्या कडेला थांबल्या. टॅब्लेट वर घेतला, अंगठा उंच कडेला टेकवला, आणि एका बोटानं सावकाश टाइप केलं.

“सांगतच होते. बटण.”